तळ्याकाठी कॅमेरा घेऊन पहिल्यांदा जाताना

पहिल्यांदा पक्ष्यांचे फोटो काढायला भिगवणला गेले तेव्हा चारशेच्या वर फोटो घेऊन घरी आले. निम्म्यांत पक्ष्यांच्या पाठी होत्या, बाकीच्यांत रिकामं आभाळ. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, एकाच फोटोत बऱ्यापैकी आले होते. सासूबाईंनी चष्मा लावून तो बघितला आणि विचारलं, "हे वाळत घातलेले कपडे कुणाचे गं?"

त्यानंतरचे दोन हिवाळे मी महागडी लेन्स कशी घेता येईल याच्या विचारात घालवले. चूक लेन्सची नव्हती. मी उभी राहत होते, घाई करत होते, आणि ऊन चढल्यावर पोचत होते. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याकडे नुसता मोबाइल असला तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

१. आधी घराजवळचं एकच तळं धरा

भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, ठाणे खाडी ही नावं ऐकून सगळे तिकडेच धावतात. जा, जरूर जा. पण शिकायला घरापासून अर्ध्या तासावरचं तळं लागतं, कारण तिथे पुन्हा पुन्हा जाता येतं. गावचा पाझर तलाव, शेततळं, नदीवरचा जुना बंधारा, काहीही चालेल. मी पुण्यातल्या पाषाण तलावावर शिकले. तिथे जलपर्णी माजलेली असते, पाण्याला वास येतो, पक्षीही पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पण वारकरी पक्षी कोणत्या कोपऱ्यात चरतात, खंड्या कुठल्या वाळक्या फांदीवर बसतो, सूर्य कुठल्या इमारतीमागून वर येतो, हे मला पाठ झालं. पुढे नवीन पाणी बघितलं की या गोष्टी आपोआप शोधायला लागले.

पहिल्याच दिवशी काठावरची एक खूण ठरवा. बाभळीचं झाड, दगड, जुना घाट, काहीही. दर महिन्याला तिथेच उभं राहून, झूम न करता, अख्ख्या तळ्याचा एक आडवा फोटो काढा. पहिले तीन महिने हे निरर्थक वाटेल. वर्षभराने ते बारा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. पाणी कुठवर चढलं, कुठवर उतरलं, जलपर्णीने किती जागा खाल्ली, काठावर नवा भराव कधी पडला, सगळं दिसतं. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत लोक जास्तीत जास्त वेळ बघत बसतात ते हेच बारा. त्यांत पक्षी जवळपास नाहीतच.

२. हंगाम आणि वेळ

स्थलांतरित बदकं आणि चिखलपक्षी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, रोहित बघायचे तर धरणाची पातळी विचारून निघा. या पक्ष्याला उथळ पाणी आणि गाळ लागतो. चोच उलटी करून तो गाळातून खाणं गाळून घेतो. पाऊस लांबला आणि धरण भरलेलं राहिलं की चिखल उघडा पडायला उशीर होतो आणि पक्षीही उशिरा येतात. "मागच्या वर्षी डिसेंबरात दिसले होते" या भरवशावर जाऊ नका. कुंभारगाव किंवा डिकसळच्या एखाद्या होडीवाल्याचा नंबर मिळवून आदल्या दिवशी फोन करा. "दादा, रोहित जवळ आहेत का लांब?" एवढं विचारलं तरी पुरतं.

मुंबई-ठाण्याकडच्यांनी कॅलेंडरच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो, पूर्ण ओहोटीला पक्षी पार लांब जातात. कामाची वेळ मधली.

दिवसातली वेळ एकच: सूर्योदयाच्या आधी पोचणं. जानेवारीत पुण्याकडे सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. म्हणजे पावणेसातला तुम्ही काठावर हवात, हायवेवरच्या चहाच्या टपरीवर नाही. थंडीत हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून पहाटे त्यावर वाफ तरंगते. ती ऊन आलं की बघता बघता विरते. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो किती झूम करा, पिसं विरघळल्यासारखीच येतात. लेन्स खराब आहे असं समजून मी ती दुरुस्तीला टाकली होती. दुकानातल्या काकांनी हसत परत दिली.

३. सोबत काय घ्यायचं

- कॅमेरा. ७०-३०० मिमीची साधी झूम लेन्स किंवा मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा (ज्याची लेन्स बदलता येत नाही) सुरुवातीला पुरतो. मोबाइल असेल तर दुर्बीण घ्या. दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइल टेकवून ओळख पटण्याइतका फोटो निघतो.
- जादा बॅटरी. थंडीत ती लवकर उतरते, म्हणून आतल्या खिशात ठेवा.
- जुन्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात दोन किलो तांदूळ भरून, दोन्ही टोकं शिवलेली, कॅमेरा टेकवायची उशी. विकतच्या बीन बॅगपेक्षा मला ही बरी वाटते.
- बसायला गोणपाट किंवा जाड प्लॅस्टिक. हे विसरलात तर पाचवी पायरी विसरा.
- मातकट नाहीतर हिरवट कपडे. पांढरा शर्ट आणि लाल टोपी घरी.
- घोट्यापर्यंतचे बूट, एक काठी, पाणी, टॉर्च.
- ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे. अभयारण्यात नोंद करावी लागते, प्रवेशाचं आणि काही ठिकाणी कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क असतं.
- वही-पेन्सिल.

ट्रायपॉड यादीत नाही, मुद्दामच. पहाटेच्या निसर्गचित्रासाठी तो लागतो, पण नवख्या माणसाचं निम्मं लक्ष त्याचे पाय उघडण्यात जातं.

परवानगीचंही इथेच सांगते. धरणाच्या भिंतीवर बऱ्याच ठिकाणी छायाचित्रणाला मनाई असते. पाटी वाचा आणि वाद घालू नका. काठापर्यंत जाणारी वाट पुष्कळदा कुणाच्या तरी उसातून जाते. "काका, बांधावरून पाण्यापर्यंत जाऊ का?" असं विचारल्यावर मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. न विचारता गेले तेव्हा मात्र एकदा कुत्र्याने म्हटलं. ड्रोन आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. अभयारण्यात परवानगीशिवाय चालत नाही, आणि इतरत्रही त्याच्या आवाजाने अख्खा थवा उठतो.

४. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीत

ही पायरी सगळे गाळतात. काठावर पोचलात की थांबा आणि तीन गोष्टी बघा.

सूर्य कुठे आहे? पाठीमागे असेल तर रंग मिळतील, समोर असेल तर काळ्या आकृत्या. शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्याची काळी आकृती सुंदर दिसते, बदकाचा मात्र बटाटा होतो.

वारा कुठून येतो? पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. वारा तुमच्या पाठीवर असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून येतील. तोंडावर असेल तर पाठी मिळतील. माझ्या त्या पहिल्या चारशे फोटोंचं रहस्य हेच होतं.

जमीन कशी आहे? पाणी ओसरलेल्या काठावर वरचा थर वाळून भेगाळतो आणि पक्का दिसतो. खाली गुडघाभर गाळ असतो. भेगाळलेल्या चिखलावर आधी काठी, मग पाय. गवतात शिरतानाही काठी आपटत जा. पाण्यात पोहताना दिसतो तो साप बहुतेक वेळा बिनविषारी दिवड असतो, पण काठच्या गवतात घोणस असू शकते आणि ती फोटोसाठी थांबली आहे असं समजू नका.

५. खाली बसा

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यावर चिकटवलेला दिसतो. मागे फक्त पाणी, तेही गढूळ. गोणपाट टाकून बसलात, उशीवर कॅमेरा ठेवून डोळा पाण्याच्या पातळीपर्यंत आणलात, की पक्ष्यामागे लांबचा काठ येतो, तो धूसर होतो आणि पक्षी सुटा उठून दिसतो. मोबाइल असेल तर तो उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याचं भिंग खालच्या बाजूला येऊन पाण्याच्या अगदी जवळ जातं. डबक्यातल्या कुमुदाचा फोटो असा काढून बघा.

बसण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. उभा माणूस पक्ष्यांना लांबून दिसतो. बसलेल्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटांत ते दगडधोंड्यांत जमा करतात. टिबुकली बुडी मारून तुमच्यासमोरच वर येते. वंचक इतका वेळ शेजारीच उभा होता हे तो उडाल्यावर कळतं, कारण मातकट पक्ष्याचे पंख उघडले की एकदम पांढरे दिसतात.

पक्ष्याकडे चालत जायचंच असेल तर सरळ चालू नका. तिरकं, थांबत, मधेच बसत जा. त्याने खाणं थांबवून मान उंच केली की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा. मान खाली गेली तर ठीक, नाहीतर दोन पावलं मागे. टिटवी असेल तर हे सगळं व्यर्थ आहे. ती ओरडून साऱ्या तळ्याला तुमची बातमी देते. अशा वेळी मी डबा उघडते.

६. सेटिंग, थोडक्यात

चरणाऱ्या पक्ष्याला शटर (ते किती वेळ उघडं राहतं) १/५०० सेकंदाच्या आसपास, उडणाऱ्याला १/२०००. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, लेन्सचं असेल तेवढं उघडं. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटो. फोकस डोळ्यावर. सलग फोटोंचा मोड चालू ठेवा, पण बटण दाबून धरून बसू नका, घरी गेल्यावर निवडत बसावं लागतं.

पाण्यावरचा मोठा सापळा म्हणजे बगळा. गडद पाण्यावर उन्हात उभा असलेला पांढरा बगळा कॅमेऱ्याला फसवतो. चौकटीत बहुतेक काळोख दिसतो म्हणून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याचा चुना होतो, पीस म्हणून एक उरत नाही. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यातलं उजेड कमी-जास्त करायचं +/- सेटिंग) एक घर, म्हणजे एक स्टॉप, खाली घ्या, उजेड निम्मा होतो. मोबाइलवर बगळ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा. चकाकत्या पाण्यासमोर बसलेल्या पाणकावळ्याचं उलट, तिथे एक घर वर. दर पाच-दहा मिनिटांनी स्क्रीनवर मोठं करून पांढरा भाग तपासा, घरी गेल्यावर इलाज नाही.

उडण्याचा क्षण पकडायचा तर पक्ष्याची सवय कळावी लागते. थापट्या, तलवार बदक अशी उथळ पाण्यात चरणारी बदकं पाण्यावरून थेट वर झेप घेतात, चौकटीत वर जागा सोडा. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा वारकरी मात्र आधी पाण्यावर थपथप धावतो, लांबवर पाण्याचे फवारे उडवत. त्याच्या पुढे जागा सोडा. नवख्या माणसाला पहिला चांगला फोटो वारकरीच देतो आणि अनुभवी मंडळी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

७. प्रतिबिंब आणि पोलरायझर

वारा पडलेला असतो तेव्हा, म्हणजे बहुतेक पहाटेच, प्रतिबिंब मिळतं. ते घ्यायचं तर पूर्ण घ्या. पायाशी कापलेलं प्रतिबिंब डोळ्यात खुपतं. कॅमेरा उभा धरायची लाज वाटून घेऊ नका, चित्रबलाकासारखा उंच पक्षी आणि त्याची सावली आडव्या चौकटीत मावतच नाहीत. पाण्याची रेघ सरळ ठेवा. तिरकं तळं सांडल्यासारखं दिसतं.

पोलरायझर फिल्टर पाण्यावरची चकाकी काढून खालचं शेवाळ, मासे, दगड दाखवतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून बघितलं तर तो सगळ्यात चांगलं काम करतो. दुकानदार तो कायम लावून ठेवा म्हणतात. ठेवू नका. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, आणि तुम्हाला हवं असलेलं प्रतिबिंबही पुसतो. मोबाइलपुढे पोलराइज्ड गॉगल धरून फिरवून बघा, परिणाम तोच आणि खर्च शून्य.

८. ऊन चढल्यावर लहान जीव

दहानंतर पक्षी सुस्तावतात, तेव्हा घरी पळू नका. काठावरचे चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचण्या (डॅम्सलफ्लाय) आता जाग्या झालेल्या असतात. बसल्यावर पंख पसरलेले ठेवतो तो चतुर, बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. चतुर उडाला तर त्याच्यामागे धावू नका. पुष्कळ जातींचे नर त्याच काडीवर परत येतात. काडीवर फोकस लावून बसा. शरीराला कॅमेरा समांतर धरला तर डोक्यापासून शेपटापर्यंत सगळं स्पष्ट येतं. भर उन्हात काही चतुर शेपूट सूर्याकडे उभी करून बसतात, अंगाला ऊन कमी लागावं म्हणून. हा फोटो दुपारीच मिळतो.

पावसाळा वेगळा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेल्या डबक्यांत मोठे बेडूक हळदीसारखे पिवळे होऊन डरकाळ्या फोडतात. हे नर असतात आणि हा रंग थोडेच दिवस टिकतो. रात्री गेलात तर फ्लॅश मारत सुटू नका. बाजूने टॉर्चचा मंद उजेड द्या, दोन फोटो काढा, निघा. पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो.

९. होडीतून

भिगवणला होडीशिवाय जवळ जाता येत नाही. होडीवाले बहुतेक मच्छीमार, पाणी आणि पक्षी दोन्ही तळहातासारखे ओळखतात. त्यांना निघण्याआधीच सांगा, "मामा, थवा उठवू नका, आपण लांबच थांबू." हे सांगावं लागतं, कारण आधीच्या कुणीतरी उडते फ्लेमिंगो हवेत म्हणून जादा पैसे दिलेले असतात. चरणारा थवा वारंवार उठला की त्याची खाण्याची वेळ जाते. दुसऱ्या बाजूला, तुम्ही शांत थांबलात तर चरत चरत थवा आपणहून जवळ येतो आणि मग सासूबाईंना दाखवण्यासारखा फोटो मिळतो.

होडीत उभे राहू नका. मोटर चालू असताना होडीच्या काठावर कोपर टेकवू नका, कंप थेट कॅमेऱ्यात जातो. मोटर बंद करून वल्ह्याने चला म्हणावं. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, मोबाइल खिशात चेन लावून. उन्हाळ्यात पाणी बरंच उतरलं असेल तर पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर वर आलेलं दिसतं. तिकडे मोठी लेन्स काढून ठेवा आणि मंदिर, पाणी, आभाळ असा रुंद फोटो घ्या.

जाळी ओढणाऱ्या माणसांचे फोटो विचारून काढा, आणि नंतर पाठवा म्हणाले तर खरंच पाठवा.

१०. कॅमेरा खाली ठेवायच्या वेळा

घरटं दिसलं की. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय (रिव्हर टर्न) आणि काठच्या खड्यांत टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात. पक्षी डोक्यावर झेपावून ओरडायला लागला तर आल्या पावलीच, त्याच वाटेने मागे फिरा. आईबाप उठले की उघड्या अंड्यांना ऊन आणि कावळे दोन्ही गाठतात. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं, हे सोबतच्या उत्साही मित्राला ऐकवा. मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलावणंही नको.

कचऱ्याचं मात्र उलट. पुण्याजवळ कवडीपाटला चक्रवाकांच्या जोडीभोवती प्लॅस्टिक अडकलेलं असतं. सुरुवातीला मी कोन बदलून बदलून ते चौकटीबाहेर ठेवायची. आता एक फोटो त्याच्यासकट काढते. ते पक्षी तिथे तसेच राहतात.

११. घरी आल्यावर

एसी गाडीतून थंड झालेला कॅमेरा दमट हवेत एकदम बाहेर काढू नका, भिंगावर वाफ धरते. बॅगेतच दहा मिनिटं राहू द्या. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. तांदळाची उशी उन्हात टाका, नाहीतर पोरकिडे होतात. मला अनुभव आहे.

त्याच संध्याकाळी फोटो निवडा. पहिल्या फेरीत फक्त पुसायचे आहेत ते पुसा. वहीत तारीख, जागा, पाण्याची पातळी आणि दिसलेले पक्षी लिहा. ओळख पटत नसेल तर आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, जाणकार मदत करतात. पक्ष्यांची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर ती अभ्यासकांच्याही कामी येते. घरट्याचं किंवा दुर्मीळ पक्ष्याचं नेमकं ठिकाण व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे वीस गाड्या उभ्या असतात.

आणि बूट. तळव्यातला चिखल त्याच तळ्यावर खरवडून या, घरी परत घासा आणि गच्चीवर कडक वाळवा. जलपर्णीचा तुकडा, शेवाळ, बिया हे सगळं बुटांतून एका तळ्यावरून दुसऱ्यावर जातं. पुढच्या रविवारी दुसरीकडे जायचं असेल तर शनिवारी सकाळी बूट उलटे करून एकदा बघा.